हेडफोन उघडे की बंद?

नमस्कार मंडळी! परवा भाचा विचारत होता, मामा, हेडफोन घ्यायचेत, ओपन बॅक घेऊ की क्लोज्ड बॅक? म्हटलं, ऐकणार कुठे ते सांग आधी. तर म्हणे, लोकलमध्ये. मग विषयच संपला की, क्लोज्ड घे. पण गडी ऐकेना, त्याने कुठेतरी वाचलेलं की ओपनच भारी.

आता भारी असतात हे खरंच. ओपनचा कप मागून बघा, जाळी दिसेल. आतला पडदा हलला की आवाज कानाकडे जातो तसाच मागेही जातो, आणि ओपनमध्ये तो मागचा आवाज जाळीतून सरळ निघून जातो, क्लोज्डसारखा बंद डब्यात घुमत बसत नाही, त्यामुळे गाणं डोक्यात कोंबल्यासारखं वाटत नाही, तबला इकडे, पेटी तिकडे असं मोकळं ऐकू येतं. सेनहायझरने 1968 साली एचडी 414 काढला, पिवळ्या फोमच्या पॅडवाला, ओपनची सुरुवात तिथून. एक मात्र आहे, ढोलाची ती खालची धमक ओपनमध्ये जरा कमीच लागते.

पण जाळीतून आवाज बाहेर जातो तसा आतही येतोच ना! म्हणजे लोकलचा खडखडाट आत, तुमचं गाणं शेजारच्याच्या कानात, आणि मग तुम्ही आवाज वाढवणार. जागतिक आरोग्य संघटना सांगते, 80 डेसिबलला आठवड्याचे 40 तास चालतील, 90 ला फक्त 4. चार तास तर ठाणे-सीएसएमटी करता करता दोन-तीन दिवसांत संपतात.

माझी स्वतःची फजिती सांगतो. घरी एका मैत्रिणीचा अभंग रेकॉर्ड करत होतो. पंखा बंद, फ्रिज बंद, खिडक्यांना गोधड्या लावल्या, आणि तिच्या कानावर दिले माझे लाडके ओपन. गायली झकास. नंतर ऐकतो तर ती हळू ओळीवर आली की मागे टिक टिक टिक, लय धरायला तिच्या कानात सोडलेला क्लिक, म्हणजे ठोक्याचा आवाज, सगळा माइकात उतरलेला. परत गायला लावलं, काय बोलली ते रेडिओवर सांगता येणार नाही. म्हणूनच आत्ता माझ्या कानावर क्लोज्ड आहेत.

क्लोज्डचीही कटकट आहे हां, मे महिन्यात कान उकडून निघतात, आणि चष्मा असेल तर काडीमुळे पॅड नीट बसत नाही, तेवढ्या फटीतून बेस गळतो. जमलं तर दुकानात बायरडायनॅमिकचे डीटी 770 आणि डीटी 990 एकामागोमाग लावून बघा, पहिला क्लोज्ड, दुसरा ओपन, एकाच घरातले, फरक लगेच कळतो.

भाच्याने शेवटी क्लोज्डच घेतले. आता ताईची तक्रार, जेवायला हाका मारून घसा बसला तरी याला ऐकू येत नाही, आणि हे मामानेच सुचवलं म्हणे.