पाहुण्यांनाही ऐकू द्या

पाळक बंधूंनो, भगिनींनो, स्वागत समितीतल्या मित्रांनो,

पुढच्या आठवड्यात आपल्या मेथडिस्ट मंडळीची, म्हणजे आपल्या प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाची, प्रादेशिक परिषद भरते आहे. दुसऱ्या प्रदेशांचे बिशप येणार आहेत, परदेशातल्या मेथडिस्ट मंडळ्यांचे प्रतिनिधीही येणार आहेत. हार, शाली, उतरण्याची सोय, सगळं चोख झालंय. माझं म्हणणं आहे कार्यक्रमपत्रिकेबद्दल. तिच्यात पाहुण्यांच्या भाषणांना साडेतीन तास दिलेत. त्यांनी आपलं ऐकावं म्हणून मात्र एक मिनिटही ठेवलेलं नाही.

आपली पहिली कॉन्फरन्स, म्हणजे परिषद, जून १७४४ मध्ये लंडनला भरली, तोफा ओतायच्या एका जुन्या कारखान्यात. मेथडिस्ट चळवळ सुरू करणारे जॉन वेस्ली, त्यांचे भाऊ चार्ल्स आणि मोजकी माणसं. त्यांच्यापुढे तीन प्रश्न होते: काय शिकवायचं, कसं शिकवायचं, काय करायचं. इतिवृत्तही प्रश्नोत्तरांत लिहिलं गेलं. कॉन्फरन्स म्हणजे एकमेकांशी बोलणं. वेस्लींनी या बोलण्याला प्रार्थना, शास्त्रवाचन, प्रभुभोजन आणि उपास यांच्या पंगतीत बसवलंय, कृपेचं साधन म्हणून, म्हणजे देवाची कृपा माणसापर्यंत पोचण्याची वाट म्हणून. तेव्हा आपण ते पत्रिकेतून गाळणं ही साधी चूक नाही.

आणि मुंबईचंच बघा ना. जॉर्ज बोवेन हे मिशनरी १८४८ मध्ये अमेरिकेतून इथे आले. मिशनचा पगार सोडला, साध्या वस्तीत बिऱ्हाड केलं, मराठी शिकले आणि रस्त्यावर उभं राहून सुवार्ता सांगत राहिले. फळ फार दिसलं नाही, तरी हलले नाहीत. १८७१ च्या अखेरीस अमेरिकन मेथडिस्ट प्रचारक विल्यम टेलर आले. कॅलिफोर्नियात सोन्याच्या शोधात लोटलेल्या गर्दीपुढे रस्त्यावर उपदेश केलेला हा माणूस. टेलरांच्या सभा गाजल्या. पण मला त्यांचं दुसरं काम मोठं वाटतं. लोकांच्या घरांत त्यांनी लहान लहान क्लास बसवले. क्लासमध्ये प्रत्येकाने आपल्या आत्म्याची अवस्था आपल्या तोंडाने सांगायची असते. बोवेन या कामाला येऊन मिळाले. टेलर काही वर्षांत निघून गेले. बोवेन १८८८ मध्ये मुंबईतच वारले.

आता एक नाजूक गोष्ट. आपल्या नेमणुका बिशप करतात आणि परिषदेच्या शेवटी त्या वाचल्या जातात. त्या वेळी पाळकाच्या बायकोचा चेहरा बघा. मुलगी दहावीला असते, आणि नवऱ्याचं नाव कुठल्या गावापुढे येतंय याकडे त्या बाईचे कान लागलेले असतात. अशा घरातला माणूस स्वतःच्या बिशपांपुढे मोकळा कसा होईल? बाहेरून आलेल्या बिशपांच्या हाती त्याची बदली नसते. म्हणून त्यांच्यापुढे तो बोलू शकतो. पाहुण्याचा सगळ्यात मोठा उपयोग हा आहे, आणि आपण त्याला व्यासपीठावर बसवून ठेवतो!

काही वर्षांपूर्वी एका परिषदेत लहान गावचे एक पाळक तीन वाजेपर्यंत मांडवाच्या दाराशी उभे होते. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत वहीच्या पानात गुंडाळलेले चार फोटो, प्रार्थनागृहाच्या गळक्या छपराचे. पाहुण्यांचं विमान होतं. गाडी निघाली, आणि पाळकांनी ते फोटो माझ्या हातात दिले. म्हणाले, "राहू द्या तुमच्याकडे." छप्पर पुढे मंडळीने वर्गणी काढून नीट केलं. फोटो अजून माझ्याकडेच आहेत.

परदेशी पाहुण्यांपुढे गाऱ्हाणं मांडायला काही जणांना संकोच वाटतो. १९८१ पासून आपली मंडळी स्वायत्त आहे, आपले बिशप आपणच निवडतो. आपण हात पसरत नाही, भावाशी बोलतो आहोत.

म्हणून माझी मागणी एवढीच: दुसऱ्या दिवशी दुपारी दोन तास मोकळे ठेवा. माईक नको, व्यासपीठ नको. देवळामागच्या चिंचेखाली दहा-दहा खुर्च्यांची रिंगणं करा, प्रत्येकात एक पाहुणा. चहा तिथेच येऊ द्या. पहिला अर्धा तास पाहुण्यांनी फक्त ऐकायचं. मराठी न कळणाऱ्यांच्या शेजारी बसून भाषांतर करायला महिला मंडळातल्या तिघी तयार आहेत, मी त्यांना कालच विचारलंय.