लोकल चालू ठेवून वीज बदलली

3 फेब्रुवारी 1925. बोरीबंदर ते कुर्ला, हार्बर लाइनवर देशातली पहिली विजेची गाडी धावली, 1500 व्होल्ट डीसीवर, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवर. तेव्हा तेच लेटेस्ट होतं. पुढे रेल्वेने 25 हजार व्होल्ट एसी, म्हणजे दिशा सतत बदलणारी वीज धरली, कोलकाता-चेन्नईने डीसी सोडलं, मुंबई मात्र अडकून राहिली. अहो, लोकल बंद ठेवायची कधी?

डीसीचं दुखणं असं की व्होल्टेज कमी, मग तेवढ्याच ताकदीला करंट साधारण सोळा-सतरापट ओढावा लागतो, म्हणून वरच्या तारा जाडजूड, थोड्याथोड्या अंतरावर सबस्टेशन, आणि गर्दी वाढली म्हणून नऊची गाडी बारा डब्यांची केली की सगळा ताण त्यांच्यावरच. त्यात डीसीची इंजिनं, पार्ट अख्ख्या देशात फक्त मुंबईपुरते लागणार.

मग केलं काय? आधी गाड्या बदलल्या, वीज नंतर. मला तर सगळ्यात हुशारीचं काम हेच वाटतं. 2007 पासून सीमेन्सची यंत्रणा असलेल्या पांढऱ्या-जांभळ्या लोकल आल्या, त्यांना दोन्ही वीज चालायची. वर एसी असेल तर ट्रान्सफॉर्मर, कन्व्हर्टरमधून उतरवून घ्यायची, डीसी असेल तर जवळजवळ तशीच. एसी आणि डीसी पट्ट्यांच्या मधे बिनविजेचा तुकडा, डेड सेक्शन. तिथे मोटरमन पॉवर काढतो, गाडी आहे त्या वेगात पुढे सरकते आणि पलीकडची वीज घेते. बस, आता एकेक पट्टा सावकाश बदलायला मोकळे.

पश्चिम रेल्वे 2012 ला उरकली. मध्य रेल्वेवर कल्याण-ठाणे 2014, उरलेली मेन लाइन 2015, आणि 9 एप्रिल 2016 च्या रात्री हार्बरवर शेवटची डीसी लोकल.

पण हे फक्त तारांचं काम नव्हतं हो. 25 हजार व्होल्टची तार पुलाच्या पोटाला चिकटून नेता येत नाही, मधे अंतर लागतंच, आणि ब्रिटिशांच्या काळातले पूल ठेंगणे. काही ठिकाणी रूळ खाली घेऊन भागलं. सँडहर्स्ट रोडचा 1879 चा हँकॉक पूल मात्र जानेवारी 2016 मध्ये पाडावाच लागला. गाड्यांची सोय झाली, पण तिथल्या लोकांचा रोजचा रस्ता गेला, कित्येक जण रूळ ओलांडून जायला लागले, आणि नवा पूल सुरू व्हायला 2022 उजाडलं. तारांच्या कामाला तारखा होत्या, तशा त्या पुलाच्या कामालाही पहिल्या दिवसापासून हव्या होत्या.