उंबरठ्यावरचा आद्यदेवदूत : हूडू परंपरेतील मीखाएल

नमस्कार. हातात तलवार, पाठीवर पंख आणि पायाखाली सैतान अशी आद्यदेवदूत मीखाएलची प्रतिमा आपल्यापैकी अनेकांना माहीत असेल. मुंबईतले माहीमचे आणि गोव्यातले हणजूणचे चर्च त्याच्याच नावाने ओळखले जाते. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्समध्ये हीच प्रतिमा कृष्णवर्णीयांच्या हूडू परंपरेतही मानाने पुजली जाते.

हूडू हा वेगळा धर्म नव्हे. गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी माणसांनी झाडपाला, मुळ्या, मंतरलेल्या पुरचुंड्या आणि बायबल यांच्या आधारे घडवलेली ती विद्या आहे. हैतीच्या व्होडू या धर्माशी तिची नेहमी गल्लत केली जाते. व्होडूला स्वतःची दैवते आणि पुरोहित आहेत. हूडूचा जाणकार मात्र बहुधा चर्चमध्ये जाणारा ख्रिस्ती असतो आणि बायबलमधली स्तोत्रसंहिता हे त्याचे हुकमी साधन असते.

इथे एक प्रश्न उभा राहतो. अमेरिकेच्या दक्षिण भागातले बहुतेक जाणकार बॅप्टिस्ट किंवा मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथांचे होते आणि त्यांच्या पंथात संतांची आराधना चालत नाही. मग मीखाएल आला कुठून? याचे एक उत्तर लुईझियानाच्या, म्हणजे न्यू ऑर्लिन्स ज्या राज्यात आहे त्याच्या, इतिहासात आहे. तिथे १७२४ च्या फ्रेंच कायद्याने गुलामांना कॅथलिक बाप्तिस्मा देणे मालकांवर बंधनकारक केले होते, त्यामुळे संतांच्या तसबिरी आणि मेणबत्त्या तिथल्या हूडूत सहज मिसळल्या. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते : मीखाएल हा चर्चने पुढे घोषित केलेला संत नसून बायबलच्या दानीएल, यहूदा आणि प्रकटीकरण या पुस्तकांत नावानिशी येणारा योद्धा आहे, म्हणून बायबलच प्रमाण मानणाऱ्यालाही त्याला हाक मारताना संकोच वाटत नाही.

संतांची नावे म्हणजे आफ्रिकी दैवतांवर घातलेले मुखवटे, असे सरसकट सांगितले जाते. लुईझियानात ‘ब्लां दानी’ या शक्तीची मीखाएलशी सांगड घातली गेली होती, हे खरे. पण काँगोच्या राजाने १४९१ मध्येच बाप्तिस्मा घेतला होता आणि त्या प्रदेशातून आणलेल्या काही गुलामांना ख्रिस्ती श्रद्धा आधीपासून ठाऊक होती, हे विसरून चालणार नाही. त्यांची श्रद्धा उसनी किंवा दिखाऊ ठरवणे मला अन्यायाचे वाटते. पुढे १९२० च्या सुमारास लीफी अँडरसन या कृष्णवर्णीय धर्मोपदेशिकेने न्यू ऑर्लिन्समध्ये रुजवलेल्या, मृतात्म्यांशी संवाद मानणाऱ्या स्पिरिच्युअल चर्चच्या वेद्यांवर मीखाएल आणि मूळ अमेरिकी लढवय्या ब्लॅक हॉक या दोघांनाही स्थान मिळाले. ज्यांना न्यायालय आणि पोलीस यांच्याकडून संरक्षणाची आशा नव्हती, त्यांनी शस्त्रधारी रक्षक निवडावा, यात नवल नाही.

प्रत्यक्ष विधी साधा असतो. उंबरठ्यावर लाल विटेची पूड पसरतात, मीखाएलच्या तसबिरीपुढे लाल मेणबत्ती लावतात, तिच्याखाली मागणे लिहिलेला कागद ठेवतात आणि ९१ वे स्तोत्र म्हणतात. कॅथलिक घरांत याच्या जोडीला पोप लिओ तेरावे यांनी १८८६ मध्ये चर्चमध्ये लागू केलेली मीखाएलची प्रार्थनाही म्हटली जाते. मेणबत्ती काचेच्या उभ्या पेल्यात असेल, तर ती विझल्यावर जाणकार पेला उजेडात धरून पाहतो. काच स्वच्छ राहिली असेल, तर मागणे पोहोचले असे मानतात. काजळी धरली असेल, तर विरोध अजून शिल्लक आहे असे समजून दुसरी मेणबत्ती लावतात.