"तुझ्या नागपुरात माझ्याएवढं कोणीच नाही"

(विदर्भातून बाहेर गेलेल्यांच्या मंडळाच्या गुढीपाडवा मेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी संपादित)

नमस्कार मंडळी.

समितीने मला पाडव्याच्या जुन्या आठवणी सांगायला बोलावलंय. पण गेल्या आठवड्यात आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर जे झालं ते डोक्यातून जात नाही, आणि ते तुमच्यापुढे नाही बोलायचं तर कुणापुढे?

या डिसेंबरची नागपूरची तिकिटं काढायची म्हणून मी आणि नवरा यादी करत बसलो होतो. तुम्हा सगळ्यांना ठाऊक असलेली यादी. बँकेत केवायसी, आईचे डोळे दाखवायचे, मावशीकडे जेवण, धरमपेठेत काकांकडे चहा, वरच्या मजल्यावरच्या काकूंना भेटलं नाही तर त्या बोलून दाखवणार. आमचा दहा वर्षांचा मुलगा ऐकत होता. भाताचा घास हातात तसाच ठेवून म्हणाला, "आई, तुझ्या नागपुरात माझ्याएवढं कोणीच नाही."

नवरा चिडला. आजी वर्षभर तुझी वाट बघते, असं बोलतात का, म्हणून रागावला. मुलगाही हट्टाने म्हणाला, "खरं तेच बोललो." आवाज चढले, ताटं अर्धी राहिली. रात्री मी ती यादी पुन्हा काढली आणि एकेका नावापुढे वय लिहीत गेले. सगळ्यात लहान निघाला माझा मावसभाऊ. त्याला पन्नाशी लागली आहे.

पोरगं खोटं बोललं नव्हतं. आपण मुलांना आपल्या गावी नेतो म्हणजे एका सोफ्यावरून दुसऱ्या सोफ्यावर नेतो. पायाला हात लावायचा, किती उंच झाला हे ऐकायचं, मराठीत एक वाक्य बोलून दाखवायचं, चिवडा खायचा. म्हातारी माणसं जीव लावतात, त्यात काही कमी नाही. पण दहा वर्षांच्या मुलाने शहर ओळखायचं कुठून? आणि ही माणसं एकेक करून जाणार आहेत. मग त्याच्यासाठी तिथे काय उरेल?

दुसऱ्या दिवशी त्याचा राग उतरला तेव्हा मी विचारलं, तुझी यादी सांग. त्याला आठवावं लागलंच नाही. पोहे, गच्ची, मेट्रो, संत्री, आणि आमच्या महालातल्या गल्लीतला एक तेरा वर्षांचा मुलगा. गेल्या डिसेंबरात हे सगळं त्याला त्याच मुलाने दाखवलं. माझ्या यादीत त्याचं नावही नव्हतं.

आधी पोहे. सकाळी गल्लीच्या तोंडाशी गाडी लागते, तुम्ही सगळे त्या वाफेत उभे राहिलेले आहात. मी सवयीने म्हटलं, तर्री (पोह्यांवरचा झणझणीत रस्सा) कमी, त्याला तिखट सोसत नाही. त्या मुलाने माझ्याकडे दुर्लक्ष केलं आणि याला सांगितलं, "तर्री वेगळी घे, अन् संपली का अजून माग. पैसे नाही घेत तो." माझ्या पोराने मागितली. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, तरी पुन्हा मागितली. शेजारी एक ऑटोवाले काका खात होते. ते म्हणाले, "दही नको मागू रे, मजा जाते." घरी पाहुणा म्हणून बसलेला मुलगा त्या गाडीपाशी गिऱ्हाईक झाला होता. त्याच्याशी कुणी वेगळ्या आवाजात बोललं नाही. आपल्यातले कितीतरी जण मुलांना गाडीजवळ उभं राहू देत नाहीत. पोट बिघडेल ही भीती खरी आहे, पण उकळती तर्री आणि चिरून ठेवलेला कच्चा कांदा यांत फरक करता येतो. त्याने कांदा घेतला नाही, बाकी सगळं खाल्लं.

संत्र्यांचं तर काय सांगू? नागपुरी संत्र्याला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं हे आपण इथे प्रत्येकाला अभिमानाने सांगतो, आणि मुलांना जाळीच्या पिशवीतली बिनबियांची संत्री देतो. हातगाडीवरून डझनाने घेतलेलं, सैल सालीचं, आंबटगोड आंबिया बहाराचं संत्रं त्याने पायरीवर बसून सोललं. मग दोघांनी एकमेकांच्या डोळ्यांत साल पिळली. तुम्ही हसताय म्हणजे तुम्हीही पिळलेली आहे! पण मृग बहाराचं, म्हणजे पुढच्या हंगामाचं संत्रं, जास्त गोड असतं ते, आमच्या मुलाला माहीत नाही. ते फेब्रुवारी-मार्चमध्ये येतं आणि तेव्हा इथे शाळा असते. तुमच्याही मुलांनी ते कधी खाल्लं नसणार.

मेट्रो 2019 मध्ये सुरू झाली, मी नागपूर सोडल्यानंतर. तिच्याशी माझी एकही आठवण जोडलेली नाही, म्हणून त्या प्रवासात मी दोन्ही मुलांच्या मागे मागे होते. दोन्ही मार्ग बर्डीला, म्हणजे सीताबर्डीला, एकमेकांना भेटतात. ती बर्डी मला खालून पाठ होती, वरून मला त्यांनी दाखवली. लोकमान्य नगरकडे जाताना अंबाझरी तलाव येतो, तेव्हा डब्यातली रोज जाणारी माणसंसुद्धा मोबाइलवरून मान वर करतात. परतताना झिरो माईलला उतरलो. चार घोडे आणि तो 1907 सालचा खांब. जबलपूर, सिवनी, छिंदवाडा, हैदराबाद, अशी अंतरं मुलांनी मोठ्याने वाचली. लहानपणी मी त्या चौकातून असंख्य वेळा गेले असेन, पण थांबून वाचायला मला कुणी लावलं नव्हतं.

जाता जाता एक विचारते, मनाला लावून घेऊ नका. आपल्यापैकी किती जणांच्या यादीत दीक्षाभूमी असते? 14 ऑक्टोबर 1956 ला जिथे जगाच्या इतिहासातली एवढी मोठी गोष्ट घडली, तिथून रिक्षाने थोड्याशा अंतरावर वाढलेली माणसं आपण. तो गल्लीतला मुलगा याला सहज घेऊन गेला. घुमटाखाली उभे राहिले, बोधिवृक्षाच्या सावलीत बसले, बाहेर पुस्तकांच्या दुकानात बराच वेळ काढला. त्याच्यासाठी ती नेहमीची संध्याकाळ होती.

आता गच्ची. यावर मी जास्त वेळ घेणार आहे, कारण मुलाने डोळे मोठे करून सांगितलं ते याच्याबद्दल. संक्रांत जानेवारीत, पण नागपूरच्या गच्च्यांवर डिसेंबरातच गर्दी होते हे काय मी तुम्हाला सांगायचं! पहिल्या दिवशी याला पतंगाला हात लावू दिला नाही. "तू चक्री पकड," एवढंच. चक्री म्हणजे मांजा गुंडाळायची फिरकी. नव्याला नेहमी चक्रीच मिळते. तो दुपारभर चक्री धरून उभा होता. ढील म्हटलं की सैल सोडायची, पतंग कटला की भराभर गुंडाळायचं. उशीर झाला की शिव्या खायच्या, त्या त्याला समजल्या नाहीत, बरंच झालं. पुढे त्याला कन्नी, म्हणजे पतंगाला मध्ये बांधतात तो दोरा, बांधायला शिकवली. ती जमली नाही, पतंग गिरक्या घेत शेजारच्या टाकीवर पडला. पुन्हा बांधली. परतायच्या आदल्या संध्याकाळी त्याने एक पतंग कापला आणि अख्खी गच्ची ओरडली, "ओ काट!" मी खाली स्वयंपाकघरात आईबरोबर वांगी चिरत होते. त्या गलक्यात मला माझ्या मुलाचा आवाज वेगळा ओळखता आला नाही. मंडळी, मला इतका आनंद झाला की मी सुरी ठेवून दिली.

त्या मुलांचं एक मला फार आवडलं. नायलॉनचा मांजा त्यांच्या गच्चीवर चालत नाही. त्यावर बंदी आहे, तरी तो मिळतो, आणि दरवर्षी त्याने दुचाकीवरच्या माणसांचे गळे कापतात, पक्षी मरतात. ही मुलं साधा मांजा वापरतात, जास्त पतंग हरतात, आणि खाली रस्त्यावर जाताना गळ्याभोवती दुपट्टा गुंडाळतात. हा नियम त्यांना कुण्या मोठ्याने लावून दिलेला नाही.

म्हणून मंडळाला थोडं रागावते, घरचीच म्हणून. आज आत्ता आपली मुलं कुठे आहेत? बाजूच्या खोलीत, समोर टॅबलेट. आपण इथे गोळाभात आणि पाटवडीच्या रश्श्याच्या पंगती घालतो, आणि मुलांसाठी बाहेरून पिझ्झा मागवतो. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल सजवून मुलांनी दारोदार जायचं असतं. आपण तो बैल शोकेसमध्ये ठेवला. मुलांना आपण सणाचं नाव दिलं, त्यातला खेळ दिला नाही. डिसेंबरात आपल्यातली बरीच कुटुंबं नागपूर-अमरावतीला जातात. निघण्याआधी आपापल्या गल्लीत मुलांच्या वयाचं कोण आहे, एवढं तरी विचारून घ्या. तिथल्या एखाद्या मुलाशी आपल्या मुलाचं आधी फोनवर बोलणं होऊ द्या. यात मंडळाचा एक पैसा खर्च होणार नाही.

आता जे मला सुटत नाही ते. महालातलं आमचं घर जुनं आहे. भिंतींना ओल येते, आईला जिना चढवत नाही. भावाने बिल्डरशी बोलणी केली आहेत आणि माझ्या सहीसाठी कागद पाठवलाय. भावाचं चुकत नाही. दुरुस्त्या तोच करतो, कर तोच भरतो, रात्री-बेरात्री आईला दवाखान्यात तोच नेतो. वर्धा रोडला लिफ्टचा फ्लॅट घेतला तर आईचे दिवस सुखाचे जातील. इतक्या लांबून त्याला नाही म्हणायचा मला काय अधिकार?

पण त्या फ्लॅटखाली ती गल्ली नसेल. सातव्या मजल्यावरच्या पाहुण्या मुलाच्या हातात चक्री कोण देणार? तो तेरा वर्षांचा मुलगासुद्धा मला विचारत होता, ताई, तिकडे शिकायला यायचं तर कोणती परीक्षा द्यावी लागते? मी त्याला नीट माहिती दिली. द्यायलाच हवी होती.

कागद अजून टेबलाच्या खणात आहे. तुमच्यापैकी काहींनी अशा कागदावर सही केलेली आहे, मला माहीत आहे. आज जेवताना मी तुमच्याशेजारी येऊन बसणार आहे. घर गेल्यावर मुलांना घेऊन तुम्ही कुठे उतरता, आणि त्यानंतर ती तुमच्याबरोबर यायला तयार असतात का, हे मला खरं खरं सांगा.