एका रिपोर्टमागचं घराणं

(दृश्य : दवाखान्यातलं तपासणीचं टेबल. पालथा झोपलेला माणूस, उघड्या टाचा.)

टाचेच्या मागे, घोट्याच्या जरा वर एक ताठ शीर हाताला लागते; ही रक्तवाहिनी नव्हे, पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारा दोर. एरवी ती चिमटीत सहज मावते, कडा सरळ असतात. या पायातली शीर मात्र जाड झाली आहे, गाठाळ झाली आहे. चप्पल लागून झालं असेल म्हणून वर्षानुवर्षं कुणी लक्ष दिलं नाही. त्या गाठीत साठलंय ते कोलेस्टेरॉल.

वय चाळिशीच्या आत. अंगकाठी शिडशिडीत. दोन महिन्यांपूर्वी अँजिओप्लास्टी झालीय. वडील ४३ व्या वर्षी गेले, थोरले चुलते त्याच्याही आधी. घरात सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य : "आमच्या घराण्यातच हार्टचं आहे."

हे वाक्य म्हणजे निदानच आहे. फक्त ते कुणी कागदावर उतरवून घेतलेलं नाही.

या आजाराला फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया म्हणतात, डॉक्टरांच्या बोलण्यात 'एफएच'. साधारण २५० माणसांमागे एकाला तो असतो. आईला किंवा वडिलांना असेल, तर प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी. आपल्या यकृताच्या पेशींवर रक्तातलं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, उचलून घेणारे रिसेप्टर असतात. एफएचमध्ये बहुतेकदा हेच रिसेप्टर कमी पडतात किंवा नीट काम करत नाहीत. अमेरिकेत डॅलसमध्ये काम करणाऱ्या मायकेल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी हे उलगडून दाखवलं आणि १९८५ साली त्यांना नोबेल मिळालं. पण हा आजार घराण्यात चालतो हे त्याच्या कितीतरी आधी, १९३८ मध्ये, नॉर्वेच्या कार्ल म्यूलर यांनी लिहून ठेवलं होतं : शिरांवर गाठी, रक्तात चढलेलं कोलेस्टेरॉल आणि छातीत कळ, एकाच कुटुंबात, पिढ्यान्‌पिढ्या.

म्हणून "तूप-तेल बंद करा" एवढं सांगून रुग्णाला घरी पाठवणं अपुरं आहे. पथ्य हवंच, पण जन्मापासून चढलेलं एलडीएल पथ्यानं पुरेसं उतरत नाही. औषध घेतलं नाही, तर एफएच असलेल्या पुरुषांपैकी जवळपास निम्म्यांना पन्नाशीच्या आत हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा विकार गाठतो. बारीक माणसाला वाटतं, आपण सुटलो. त्याचीच मला जास्त काळजी वाटते.

आणि आपल्याकडची एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. मामाच्या मुलीशी लग्न करायची रीत आपल्या काही समाजांत आजही आहे. अशा जोडप्यात दोघांनाही एकाच आजीआजोबांकडून हा दोष आलेला असेल, तर मुलाला तो दोन्हीकडून मिळण्याची शक्यता चारात एक असते. अशा लेकराच्या गुडघ्यांवर, कोपरांवर शाळेच्या वयातच पिवळ्या गाठी येतात आणि उपचार झाले नाहीत, तर मिसरूड फुटायच्या वयात हार्ट अटॅक येऊ शकतो. त्या गाठी त्वचेच्या मलमानं जात नाहीत. आधी रक्त तपासावं लागतं.

(दृश्य : सपाट हिरवं रान, कालवा, सायकली.)

नेदरलँड्सनं १९९४ साली एक काम हातात घेतलं. एका रुग्णात एफएचचा जनुकीय दोष सापडला, की तिथं थांबायचं नाही. त्याच्या संमतीनं भावंडं, मुलं, काका, आत्या, मावशी यांच्यापर्यंत पोचायचं. प्रशिक्षित कर्मचारी घरी जायचे, वंशावळ मांडायचे आणि रक्ताचा नमुना घ्यायचे. पहिल्या पाच वर्षांत २३७ रुग्णांच्या ५,४४२ नातेवाइकांची तपासणी झाली. त्यातल्या २,०३९ जणांत एफएच निघाला. तपासणीच्या वेळी त्यातल्या प्रौढांपैकी १०० मधले ३९ जण औषधावर होते. वर्षभरानं ९३.

त्याच देशात एफएच असलेल्या २१४ मुलांवर स्टॅटिनचे, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या औषधाचे, उपचार सुरू झाले आणि २० वर्षांनी त्यांची पुन्हा विचारपूस झाली. त्यांच्या एफएच असलेल्या आईवडिलांपैकी २६ टक्क्यांना ३९ व्या वर्षापर्यंत हृदयाचा किंवा रक्तवाहिन्यांचा मोठा विकार झाला होता. मुलांमध्ये हे प्रमाण १ टक्का होतं. आईवडिलांच्या तरुणपणी हे औषध नव्हतं, आणि मुलांना ते वेळेत मिळालं.

स्लोव्हेनिया हा लोकसंख्येनं पुणे शहरापेक्षाही लहान देश. तिथं १९९५ पासून पाच वर्षांच्या मुलांच्या नेहमीच्या आरोग्य तपासणीत एकूण कोलेस्टेरॉलही बघू लागले. आकडा आपल्या हिशेबात साधारण २३० च्या वर गेला, किंवा घरात कुणाला लवकर हृदयविकार झालेला असून १९० च्या वर असला, की गल्लीतला बालरोगतज्ज्ञ त्या मुलाला राजधानीतल्या, ल्युब्लियानातल्या, मुलांच्या रुग्णालयात पाठवतो. तिथं जनुक तपासणी होते आणि मग पाळी येते आईवडिलांची. हे मला फार मोलाचं वाटतं. पाच वर्षांच्या पोरीचा बाप तिशी-पस्तिशीचा असतो. त्याला अजून काही झालेलं नसतं.

आपल्याकडे लिपिड प्रोफाइल, म्हणजे कोलेस्टेरॉलची रक्ततपासणी, तालुक्याच्या लॅबमध्ये काही शे रुपयांत होतं. स्टॅटिन कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळतं. लॅबवाला आकडा ठळक करून देतो, हृदयरोगतज्ज्ञ स्टेंट टाकतात, फॅमिली डॉक्टर गोळ्या चालू ठेवतात. जो तो आपलं काम चोख करतो. रुग्णाच्या बहिणीला फोन करणं मात्र कुणाच्याच कामात बसत नाही.

बहिणीचं नाव मुद्दाम घेतलं. आपल्या वंशावळीत लेकी नसतात. लग्न झालं की त्यांचं नाव कागदावरून गळतं, आणि जनुक त्यांच्याबरोबर सासरी जातं.

(दृश्य : पुन्हा तोच दवाखाना. सिस्टर कोऱ्या कागदावर चौकोन आणि गोल काढतायत. पुरुषाला चौकोन, बाईला गोल.)

"दादा, भावंडं किती?"

"भाऊ एक. त्याचं तपासलंय."

"बहिणी?"

"दोन. एक नाशिकला, एक इथंच."

"त्यांचं एलडीएल कधी बघितलंय?"

तो गप्प होतो. सिस्टर दोन गोल काढतात, त्यांच्याखाली मुलांसाठी रेघा ओढतात. पाच मुलं. सगळ्यात धाकटी आठ वर्षांची. प्रौढाचं एलडीएल १९० च्या वर, किंवा अशा घरातल्या मुलाचं १६० च्या वर गेलं, तर पुढं कुणाकडं जायचं, ते सिस्टर कागदाच्या कडेला लिहून देतात. रक्त द्यायला उपाशीपोटीच जायला हवं असं नाही, हेही सांगतात.

तो खिशातून फोन काढतो.

"ताई, जेवलीस का? ऐक, उद्या रक्त द्यायला जा. हो, तूच. आणि पोरांनाही घेऊन जा."