‘पुढे’ म्हणजे अधिक एक नव्हे

मार्केट यार्डात हळदीचे सौदे ज्यांनी जवळून पाहिलेत, त्यांनी जरा हात वर करा. अर्धं सभागृह! सांगलीत बोलायचा हा फायदा. आता माझं काम सोपं झालं.

तिथल्या एका अडत दुकानासाठी मी वेबसाइट केली होती. प्रत्येक लॉटला एक पान: पोती किती, राजापुरी की सेलम, भाव काय. खाली दोन बटणं, ‘मागे’ आणि ‘पुढे’. ‘पुढे’साठी मी आयडीत, म्हणजे लॉटच्या नोंदीच्या नंबरात, एक मिळवायचो, ‘मागे’साठी एक वजा करायचो. आठवडाभर छान चाललं. मग एका शेतकऱ्यानं भाव पटला नाही म्हणून माल परत नेला आणि दुकानातल्या पोरानं ४१ नंबरची नोंद पुसून टाकली. बाहेरगावचा एक खरेदीदार एकेक पान बघत ४० वर आला, ‘पुढे’ दाबलं, तर समोर कोरं पान. त्याला वाटलं, लॉट संपले. ४२ पासून पुढचा माल त्यानं बघितलाच नाही. त्यात ज्यांची पोती होती, त्यांना काय सांगणार?

दुकानाच्या दिवाणजींनी मला चोपडी काढून दाखवली. बोट ओलं करून पान उलटलं. ४१ वर तांबडी रेघ मारलेली. त्यांचं बोट तिथं अडलं नाही, सरळ ४२ वर गेलं. म्हणाले, “अहो, पुढचा म्हणजे पुढं जो शिल्लक आहे तो.” हे वाक्य मला आजवर कुठल्या पुस्तकात इतकं स्वच्छ सापडलेलं नाही. चोपडीला जे कळतं ते आपल्या कोडला का कळू नये?

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. तर भरभर सांगतो.

डेटाबेसला विचारायचा प्रश्न, म्हणजे क्वेरी, अशी: पुढची नोंद म्हणजे आयडी ४० पेक्षा मोठा, क्रम चढता, लिमिट १, म्हणजे एकच ओळ. मागची म्हणजे आयडी लहान, क्रम उतरता, लिमिट १. उतरता लिहायला विसरलात तर थेट पहिल्या लॉटवर जाऊन पडाल. काहीच मिळालं नाही तर बटण दाखवू नका.

भावाच्या क्रमानं लावताय? दोन लॉटांचा भाव सारखा असतोच. नुसतं ‘भाव मोठा’ म्हटलंत की जुळ्यातला एक गळतो. म्हणून भाव मोठा, किंवा भाव तोच आणि आयडी मोठा. इंडेक्स, म्हणजे डेटाबेसची शोधायची सूची, तीही दोन्हींवर मिळून करा.

पानं पाडायला ऑफसेट, म्हणजे ‘सुरुवातीच्या इतक्या ओळी सोड’, वापरताय? ऑफसेट १०,००० म्हणजे डेटाबेस तेवढ्या ओळी मोजून टाकून देतो, मग तुमच्या पानाच्या २० देतो. मधेच वर नवीन लॉट आला तर आधीची ओळ पुढच्या पानावर पुन्हा दिसते.

मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये ८.० पासून, म्हणजे २०१८ पासून, लॅग आणि लीड ही मागच्या आणि पुढच्या ओळीतली किंमत देणारी फंक्शनं आहेत. पण ‘आयडी ४०’ ही अट त्याच क्वेरीत घातलीत तर शेजारी कुणी उरतच नाही, हाती नल, म्हणजे ‘काहीच नाही’, येतं. आधी आतल्या क्वेरीत सगळ्यांना शेजारी लावा, मग बाहेर ४० निवडा.

आणि राजापुरी निवडून बसलेल्या माणसाला ‘पुढे’ दाबल्यावर सेलम दिसता कामा नये. ती निवड लिंकमधून प्रत्येक पानावर सोबत न्या, आणि क्वेरीतही तीच अट घाला. बाकीचे प्रश्न बाहेर चहाला घेऊ.