रक्तपिपासूंचं इंदूर

श्रोतेहो, नमस्कार. सोन्याचांदीची दुकानं बंद झाली की सराफ्यात भुट्ट्याचा कीस आणि गराडू मांडले जातात, हे इंदूरकरांना सांगायला नको. आता अशी कल्पना करा की या शहरातले सगळेच नागरिक रक्तपिपासू आहेत. साधा माणूसच इथे विरळा. अशा पर्यायी जगाचा लघुपट कमी पैशात करायचा तर काय लागतं, ते पाहू.

पटकथेआधी एक गोष्ट ठरवा: ऊन लागलं तर काय होतं? ब्रॅम स्टोकरच्या १८९७ च्या कादंबरीतला ड्रॅक्युला दिवसाउजेडी रस्त्यावर फिरतो, फक्त त्याची शक्ती कमी होते. उन्हानं पिशाच्चाचा नाश ही पडद्यावरची भर जर्मन दिग्दर्शक मुर्नाऊच्या १९२२ च्या 'नोस्फेराटू' या मूकपटाची. कुठलाही नियम घ्या, पण घेतला की पाळा. उन्हात मरण असेल तर शाळा रात्री आठला भरेल, पोहे-जलेबीची गाडी सूर्य मावळल्यावर लागेल, खिडक्या विटांनी बुजवलेल्या असतील. आरशात प्रतिबिंब नसेल तर न्हाव्याच्या दुकानात समोर नुसती भिंत. लसूण वर्ज्य असेल तर लसणाची शेव चोरून विकली जाईल: डब्याच्या तळाशी ती, वर फिकी शेव पसरलेली. या सगळ्याला खर्च जवळपास नाही. चांदी मात्र जपून वर्ज्य करा. मग बर्फीवरचा वर्खही जायला हवा, आणि तो एखाद्या दृश्यात राहिला तर आपला प्रेक्षक नेमका तोच पकडतो.

आता रात्र. खऱ्या रात्री चित्रण म्हणजे दिवे आणि जनरेटर, त्यामुळे दिवसाच रात्र करता येते का बघा. सूर्य पात्राच्या पाठीमागे ठेवा, एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात शिरणारा उजेड, दोनेक स्टॉप खाली आणा (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), आणि व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याची रंगछटेची मांडणी, ३२०० केल्व्हिनवर लावा. उजेड निळसर होतो. फसतं ते आकाशामुळे. चौकटीत आभाळ आलं की दुपार उघडी पडते, म्हणून कॅमेरा किंचित उंचावरून खाली रोखा. रस्त्याचे दिवेही चौकटीत नकोत. ‘रात्री’ ते विझलेले कसे? संध्याकाळचा निळा उजेड सुंदर असतो, पण इथे तो वीस-पंचवीस मिनिटंच टिकतो. एक-दोन शॉट मिळाले तर मिळाले.

रक्त घरी करा. बेकरीचं सामान विकणाऱ्याकडे लिक्विड ग्लुकोज मिळतं. एक वाटी ग्लुकोजला पाव वाटी कोमट पाणी, एक चमचा लाल खाद्यरंग, अर्धा चमचा कोको पावडर आणि निळ्या खाद्यरंगाचा एकच थेंब. कोकोशिवाय ते सरबतासारखं पारदर्शक दिसतं, निळ्याशिवाय पिवळ्या दिव्याखाली नारिंगी होतं. चित्रणाच्याच दिव्याखाली, त्याच कॅमेऱ्यातून आधी तपासा. धुताना सोपं जावं म्हणून काही जण त्यात भांड्यांचा साबण घालतात. तोंडात जाणाऱ्या रक्तात तो घालू नका. दोन बाटल्या वेगळ्या ठेवा, वर चिठ्ठ्या लावा. मे महिन्यात माशा आणि मुंग्या येणारच. कृष्णपुऱ्याच्या छत्रीसारख्या जुन्या दगडावर तर एक थेंबही सांडू नका, खाद्यरंग त्यात मुरतो.

सुळे मूळ दातापेक्षा तीन-चार मिलिमीटरच लांब असावेत. त्याहून मोठे झाले की ओठ मिटत नाहीत. दाताचा साचा दंतवैद्याकडून घ्या आणि सुळे प्लास्टरच्या प्रतिकृतीवर घडवा. सुळे ज्याचे करायचे ते अॅक्रिलिक, म्हणजे दातांचं प्लास्टिक, घट्ट होताना तापतं, म्हणून ते तोंडात कधीच घडवायचं नाही. सुपरग्लूचा तर विचारही नको. सुळे बसले की नटाकडून "चार चमचे साचलेलं रक्त" असं चार वेळा म्हणवून घ्या. च आणि स घसरले तर मागची कड घासून पातळ करा. संवाद नंतर ध्वनिमुद्रित करणार असाल, तर तेव्हाही सुळे तोंडात हवेत, नाहीतर आवाज चेहऱ्याशी जुळत नाही.

डोळ्यांत घालायच्या रंगीत लेन्स नेत्रतज्ज्ञाला दाखवूनच, आणि एकाच्या दुसऱ्याला कधीच नाहीत.

शेवटचं, वेळापत्रक. रक्ताचा टेक चुकला की सदरा बदलावा लागतो. म्हणून रक्ताचं दृश्य दिवसाच्या शेवटी ठेवा, एकसारखे तीन सदरे आणा आणि प्रत्येक टेकनंतर डागाचा फोटो काढा. त्वचेवरचा रंग शेव्हिंग फोमनं बराचसा निघतो. सदऱ्यावरचा निघेलच असं धरू नका.